एरवी असणार

परवाच्या रविवारी सकाळी पावणेसातच्या सुमारास तळजाईच्या चढावर एका चालत्या माणसाने मला ओव्हरटेक केलं. मी गाडीत होतो.

पळणाऱ्याने केलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता. हल्ली पुण्यात घरटी एक जण मॅरेथॉनची तयारी करत असतो, त्यांच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. पण हे काका साधे चालत होते. वय पंच्याहत्तरीच्या आसपास, डोक्यावर कानटोपी, हातात कुत्र्यांसाठी काठी आणि मनगटावर मुलाने परदेशातून पाठवलं असावं असं घड्याळ. त्यांनी आधी मागून खाकरून वाट मागितली, उजव्या बाजूने पुढे गेले आणि मग मागे वळून बघत चाल मंद केली. ती मंद केलेली चाल मला अजून सलतेय. माझ्या गाडीच्या बरोबरीने राहायचं तर त्या माणसाला रेंगाळावं लागत होतं.

इंजिन मात्र असं किंचाळत होतं, की खाली सहकारनगरात लोक पांघरुणं टाकून गॅलरीत आले असतील.

मागची हकिगत दोन मिनिटांत उरकतो. गाडी माझी, छोटी, पेट्रोलवरची, वयाची वीस वर्षं ओलांडलेली. दुसरा गिअर पडताना अडकित्त्यात सुपारी कातरल्यासारखा आवाज यायला लागला. आमचे मिस्त्री म्हणाले, आतलं काम काढण्यापेक्षा दुसरा बॉक्सच बसवू, रनिंग गाडीतला मिळतोय. चौदा हजार बॉक्सचे, साडेचार हजार मजुरी.

हे 'रनिंग गाडीतला' प्रकरण मला कधीच उलगडलेलं नाही. जुन्या बाजारापासून कुठल्याही भंगारवाल्यापर्यंत कुठेही जा, प्रत्येक पार्ट रनिंग गाडीतलाच असतो. चांगली धावती गाडी थांबवून तिचा गिअरबॉक्स काढून देणारी ही उदार माणसं राहतात कुठे? आणि मग ती घरी कशी जातात? पण मिस्त्री इतक्या सहजपणे म्हणाले, की मीही सहजपणे मान डोलावली. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला होता. त्याच्याकडे नंतर येतो. शक्यतो न येण्याचा प्रयत्न करतो.

बॉक्स बसला. दुसरा गिअर लोण्यासारखा पडायला लागला. चार दिवस मी भेटेल त्याला गाडीत बसवून दुसरा गिअर टाकून दाखवला. पाचव्या दिवशी नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढत होतो. चौथ्या गिअरला पाय दाबला, तर इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी होती तेवढ्याच वेगात राहिली. ऑफिसात नाही का, कुणीतरी जोरजोरात बोलतं आणि काम जागच्या जागी राहतं, अगदी तसं. डावीकडून उसाचा ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला. दोन ट्रॉल्यांसकट.

मिस्त्रींना फोन केला. "नवीन बॉक्स आहे साहेब, सेट होईल. पाचशे किलोमीटर फिरवा."

'सेट होईल' हे आपल्याकडचं सगळ्यात महागडं वाक्य आहे. बससाठीच्या वेगळ्या मार्गांबद्दल, म्हणजे बीआरटीबद्दल, आम्ही ते 2006 पासून ऐकतोय. नव्या सुनेबद्दल, नव्या कवळीबद्दल, फ्लॅटच्या दरवाजाबद्दल, जो पहिल्या पावसात फुगून बसतो आणि चार महिने खांद्याने ढकलून उघडावा लागतो. सेट काहीच होत नाही. माणूस सेट होतो. मीही झालो. सपाटीवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी तशी कुरकुर न करता जायची. चढ आला की मी रस्ता बदलायचो. पुण्यात चढ टाळून जगता येतं, फक्त वेळ लागतो.

आणि मग सासूबाईंना तळजाईमातेला जायचं होतं. त्यांचे गुडघे दुखतात, चढ चालवत नाही, म्हणून गाडी. हा मुद्दा लक्षात ठेवा. गुडघे दुखतात म्हणून गाडी.

चढाच्या मधोमध कुत्र्यांची सभा भरली होती, म्हणून थांबावं लागलं. सभा उठल्यावर पुन्हा निघालो आणि तिथेच घात झाला. तापलेली क्लच प्लेट, तीन माणसं, खडा चढ. पहिल्या गिअरमध्येसुद्धा गाडी उठेना. नुसती सरपटायला लागली. स्पीडोमीटरचा काटा शून्यावर गाढ झोपलेला. थांबलो तर पुन्हा निघेल याची खात्री नाही, म्हणून थांबायचं नाही असं मी मनाशी ठरवलं. आणि नेमक्या त्याच वेळी उजव्या खिडकीत कानटोपी उगवली.

"क्लच गेलाय तुमचा."

नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"हो, माहितीय," मी म्हणालो.

"माहितीय तर गाडी काढलीत कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

"कितवा टाकलाय?"

"पहिला."

"पहिलाच का?"

"त्याच्या खाली नसतो."

"रिव्हर्स असतो ना. आमच्या वेळी अडलेली गाडी घाटात रिव्हर्सने चढवायचे. तोंड खाली करून घ्या आणि मागे मागे या."

आता बघा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना फिरायला आलेली जनता, गाडी मरणपंथाला लागलेली, आणि हा माणूस मला तळजाई उलटी चढायला सांगत होता. मी हसलो. ते हसले नाहीत.

"पाय काढा."

"कुठला?"

"डावा. क्लचवरचा."

"क्लचवर नाहीये पाय."

काकांनी चालता चालता कमरेत वाकून खिडकीतून आत डोकावून माझ्या पायांकडे बघितलं. चपला बघितल्या. पॅडल बघितलं. पुन्हा ताठ झाले.

"आत्ता नाहीये," ते म्हणाले. "एरवी असणार."

या दोन शब्दांवर जगातल्या कुठल्याही कोर्टात अपील होऊ शकत नाही. आत्ता नाहीये, एरवी असणार. मी वीस-बावीस वर्षं गाडी चालवतोय आणि क्लचवर पाय ठेवून चालवत नाही. शिकवणाऱ्यांनी त्यासाठी माझ्या गुडघ्यावर पट्टी मारलेली आहे. पण हे सिद्ध कसं करणार? मागच्या बावीस वर्षांचं माझ्या पायाचं चित्रण आणू कुठून?

"तुम्ही या लाइनमधले का?" मी विचारलं. थोडा खोचकपणाही होता त्यात, नाही असं नाही.

"चौतीस वर्षं," ते म्हणाले. "पिंपरीला. आमच्याकडे गिअरबॉक्सच व्हायचे."

मी गप्प झालो. ज्या गावात 1854 सालापासून इंजिनिअर तयार होताहेत, ज्या गावातल्या एका टेकडीला लोक चक्क एआरएआय टेकडी म्हणतात आणि गाड्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेशेजारी सकाळी प्राणायाम करतात, तिथे रस्त्यावरचा कुठलाही माणूस गिअरबॉक्समधून निवृत्त झालेला असू शकतो, हे मी विसरलो होतो.

मग त्यांनी घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं. "हे बघा. माझा स्पीड 4.6 होता. तुमच्या नादात 3.9 वर आलाय. पल्सपण खाली गेली."

मी सॉरी म्हणालो. एका पादचाऱ्याला, त्याची गती माझ्या मोटारीमुळे मंदावली म्हणून, मी सॉरी म्हणालो.

इतका वेळ शेजारच्या सीटवर पर्स पोटाशी धरून बसलेल्या सासूबाई तेवढ्यात म्हणाल्या, "काहीतरी करपतंय हो."

क्लच जळताना येणारा वास एकदा आला की विसरत नाही. उडदाची डाळ तळाला लागावी आणि तिच्यात कुणीतरी जुनी रबरी चप्पल टाकावी, तसा असतो तो. पण काकांनी वास सोडला आणि 'हो' पकडला.

"माहेर शनिवारातलं का?"

"नारायणातलं," सासूबाई माझ्या छातीपुढून मान काढून म्हणाल्या.

"नारायणात कुठे?"

"मोदी गणपतीच्या मागे."

"अहो, माझी आत्या त्याच बोळात!"

आणि मग त्या माणसाने जे केलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नीट ऐकू येईना म्हणून ते माझ्या बॉनेटसमोरून वळसा घालून डाव्या बाजूला गेले. चालत्या गाडीच्या पुढून. इंजिन ओरडतंय, पहिला गिअर पडलेला, ॲक्सिलरेटर जमिनीला टेकलेला, आणि हे त्या बॉनेटच्या वीतभर पुढून, काठी टेकत, मागे हात बांधल्याच्या थाटात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुठल्याही ड्रायव्हरचा याहून मोठा अपमान कुणी केला असेल तर मला कळवा.

पुढची दीडशे मीटर त्या दोघांच्या गप्पा रंगल्या. सत्तरी पार केलेली पेठेतली दोन माणसं भेटली की पहिल्या पाच मिनिटांत पानशेतच्या पुरापर्यंत पोचतात, त्याला इलाज नाही. 12 जुलै 1961 ला सासूबाई दहा वर्षांच्या होत्या. पाणी यांच्या वाड्यात कुठवर आलं, त्यांच्या आत्याच्या वाड्यात कुठवर आलं, कोण कुठल्या माडीवर चढलं, कुणाची म्हैस सुटली. मी मध्ये एकदा "जरा बाजूला होता का, मला डावीकडे घ्यायचंय" म्हणालो. दोघांनीही ऐकलं नाही. पाणी तोवर दुसऱ्या मजल्याला लागलं होतं.

"ताई, तुम्ही उतरता का?" काका म्हणाले. "गाडीला तेवढंच हलकं होईल."

"आईंचे गुडघे," मी म्हणालो.

"उतरते की," सासूबाई म्हणाल्या, आणि दार उघडून उतरल्या. गाडी चालू होती. जिन्याची शेवटची पायरी उतरावी तशा उतरल्या. मागून बायको म्हणाली, "आईला एकटं कसं सोडू?" आणि तीही उतरली. आईला एकटं सोडायची चिंता, त्या बाईला सोबतीला एक आख्खा गिअरबॉक्सतज्ज्ञ असताना. मला एकटं सोडायची चिंता कुणालाच नव्हती.

मी वर पोचलो तेव्हा तिघांचं ताक पिऊन झालं होतं. दुधी भोपळ्याच्या रसवाल्याशी काकांचा हिशेब चालला होता. सासूबाई कट्ट्यावर बसून पाय हलवत होत्या. दुखरे गुडघे.

काका आले, बॉनेटवर दोन थापा मारल्या, घोड्याला माराव्यात तशा. "आता थंड होऊ द्या. आणि डाव्या पायाची सवय मोडा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या सासरच्या चारही घरांत पोचली होती. मेव्हण्याचा ठाण्याहून फोन आला. "काय भावजी, क्लचवर पाय ठेवता म्हणे?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "अहो, कळत नाही आपल्याला, सवय असते." हेही एरवी असणार, फक्त ठाण्याचं. मुलीने विचारलं, "बाबा, आजी तुमच्यापेक्षा फास्ट चालते?"

सोमवारी गाडी मिस्त्रींकडे. त्यांनी आधी केबल बघितली. क्लचचं पॅडल दाबायला लागलं की सुरुवातीला थोडा भाग नुसता हलका जायला हवा, माझ्या गाडीत अंगठ्याच्या रुंदीएवढा, वीसेक मिलीमीटर. त्याला फ्री प्ले म्हणतात. तो नसला की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, क्लच दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर कायम टेकून राहतं, म्हणजे ड्रायव्हरने पाय ठेवलेला नसतानाही गाडीनेच पाय ठेवल्यासारखं होतं. प्लेट झिजत जाते तसा हा फ्री प्ले आणखी कमी होत जातो. माझा मोजला, तर शून्य. बॉक्स बसवताना केबल ओढून ताणून घट्ट केलेली होती.

"कुणी केली एवढी टाइट?" मिस्त्री ओरडले. आजूबाजूला त्यांच्याशिवाय दुसरा मिस्त्री नव्हता, तेव्हा हाताखालच्या छोटूने मान खाली घातली.

केबल सैल केली. हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, थोडी रेझ दिली आणि क्लच सोडला. क्लच धड असेल तर गाडी जागीच झटका खाऊन बंद पडायला हवी. बंद पडली नाही. जेवणानंतर पान खात बसलेल्या माणसासारखी आरामात गुरगुरत राहिली. मिस्त्रींना हा प्रयोग इतका आवडला, की शेजारचा पंक्चरवाला, चहावाला आणि पीयूसी काढायला आलेले एक गृहस्थ अशा सगळ्यांना तो त्यांनी करून दाखवला. प्रत्येक खेपेला माझी उरलीसुरली प्लेट जळत होती. ते मी सांगितलं. ते म्हणाले, "आता काय राहिलंय तिच्यात?"

क्लचमध्ये गुंतागुंतीचं खरं तर काही नसतं. इंजिनाकडे फ्लायव्हील, पलीकडे प्रेशर प्लेट, मध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली. दाब आणि खरखरीतपणा, या दोन गोष्टींवर सगळी गाडी चालते. तेलाचा हात करून लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला जा. हाताला जोर आहे, झाकण जागेवर आहे, फिरतोय तो फक्त हात. माझं इंजिन म्हणजे तो हात. प्रश्न एवढाच होता, की तेल आलं कुठून.

त्यासाठी बॉक्स पुन्हा खाली. साडेचार हजार, पुन्हा.

बॉक्स उतरला आणि आतून काळपट, चिकट ओघळ दिसला. मिस्त्रींनी तो बोटावर घेतला, अंगठ्यावर चोळला, हुंगला आणि माझ्या नाकाखाली धरला. अत्तर दाखवतात तसा. "इंजिन ऑइल नाय. वास बघा." गंधकाचा उग्र, नाकात चढणारा वास. गिअर ऑइल. म्हणजे इंजिनाकडचं सील शाबूत होतं, गळत होतं ते नव्या, म्हणजे जुन्या, म्हणजे रनिंग गाडीतल्या बॉक्सच्या शाफ्टचं सील. बाहेर काढलं तर रबर वाळक्या चिंचेच्या सालीसारखं कडक. किंमत एकशे वीस रुपये. त्या एकशे वीस रुपयांच्या रबरी कड्यातून तेल शाफ्टवरून थेंब थेंब पुढे सरकत प्लेटवर उडत होतं.

प्लेट तर बघण्यासारखी होती. छोट्या ताटलीएवढी, कडेने तेलाने काळी आणि मध्ये काचेसारखी चकचकीत. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत घासलेलं. फ्लायव्हीलवर जळाल्याचे निळे-जांभळे डाग, मोराच्या मानेसारखे. खरं सांगतो, क्षणभर सुंदर दिसलं ते. मग हिशेब आठवला.

छोटू म्हणाला, "पेट्रोलने धुऊन घेऊ का प्लेट?" तेल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन सुधारत नाही, हे मिस्त्रींनाही माहीत होतं. तरी ते क्षणभर विचारात पडले. तो क्षण मी त्यांना माफ केलेला नाही.

"बॉक्स बसवताना सील बदलायचं असतं ना?" मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. "जुना बॉक्स आणलात, तर एकशे वीस रुपयांचं सील नको बदलायला? आणि आता दुसऱ्यांदा मजुरी मी का द्यायची?"

मिस्त्रींनी हात पुसले. सावकाश पुसले. पंक्चरवाला, चहावाला आणि पीयूसीवाले गृहस्थ अजून तिथेच होते.

"साहेब, मी तेव्हाच विचारलं होतं," ते म्हणाले. "बॉक्स खाली आहेच, क्लच सेट आणि सीलं टाकून घेऊ का? तुम्ही काय म्हणालात?"

हाच तो प्रश्न.

"काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, आत्ता चालतंय ना? मग कशाला हात लावायचा."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण वाक्य ओळखीचं वाटलं. आत्ता म्हणालो नसेन, एरवी म्हणत असणार.

तरीही सांगतो, सील आणि क्लच सेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक एकशे वीसची, एक चार हजार दोनशेची. दोन्ही एका दमात विचारल्या तर माणूस एका दमात नाही म्हणणार. आणि केबल ताणली ती काय मी? गिऱ्हाईक खर्चाला कचरतं हे गॅरेजवाल्याला माहीत असतं. "हे केल्याशिवाय मी बॉक्स बसवणार नाही" असं बजावून सांगायला काय होतं? डॉक्टर विचारतो का, टाके घालू की असंच सोडू? हे मी तिथे बोललो नाही, हे मला रात्री साडेअकराला सुचलं. शेवटी त्यांनी माणुसकी म्हणून मजुरीत पाचशे कमी केले. माणुसकीचा पुण्यातला चालू भाव तो.

क्लच सेट आणायला मी स्वतः नाना पेठेत गेलो. "जुना नग घेऊन जा, साइज चुकेल," असं मिस्त्रींनी बजावल्यामुळे ती तेलकट प्लेट पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन रिक्षातून. दुकानदाराने काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, प्लेट त्यावर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला, प्लेट उलटीपालटी केली. मागे खोक्यांची छताला भिडलेली भिंत. एक शब्द न बोलता त्याने त्या भिंतीतून नेमकं एक खोकं ओढून काढलं. असली कामं बघितली की मला भरून येतं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. चार हजार दोनशे.

पैसे मोजता मोजता तो म्हणाला, "क्लचवर पाय ठेवून चालवता वाटतं."

मी त्याला गिअर ऑइलचा वास घ्यायला लावला. शाफ्टचं सील, ताणलेली केबल, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ते आहेच," तो म्हणाला. "पण पायपण असणार."

गुरुवारी गाडी आली. फ्लायव्हील लेथवर फेस मारून आणला, सीलं नवी, फ्री प्ले मी स्वतः पट्टी लावून मोजला. गाडी अशी उठायला लागली, की सोसायटीच्या गेटवर वॉचमन दचकला. घरी मी जुनं सील सासूबाईंना दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन बघितलं, म्हणाल्या, "मिक्सरच्या झाकणाला बसेल का हो?" मग मला म्हणाल्या, की ते काका कारखान्यात पगार खात्यात होते, गिअरबॉक्सला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. दर रविवारी त्यांचा ग्रुप असतो, याही आता जाणार आहेत. चालत.

काल रविवार होता. मी मुद्दाम एकटाच निघालो. पावणेसात. ते जुनं सील डॅशबोर्डवर ठेवलं होतं, पुरावा म्हणून. तळजाईचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाचा आवाजसुद्धा नाही. वळणावर कानटोपी दिसली. मी हॉर्न दिला, लागेल असा, आणि रुबाबात ओव्हरटेक करून त्यांच्या थोडा पुढे थांबलो. काच खाली केली.

काका आले. "ताई नाही आल्या?"

"येताहेत मागून. काका, क्लच नवा टाकला. हे बघा, हे सील गेलं होतं. गिअर ऑइल प्लेटवर येत होतं. केबल टाइट होती. पायाचा काहीही संबंध नव्हता."

त्यांनी सील घेतलं, उजेडात धरलं, कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता म्हणणार, माझं चुकलं. मग ते कमरेत वाकले आणि खिडकीतून आत डोकावले.

गाडी चढावर उभी होती. हँडब्रेक खालीच होता. बोलण्याच्या भरात मी ती अर्ध्या क्लचवर धरून ठेवली होती.

"बघा," काका म्हणाले.